नानांचा उंट

वीस वर्षं दर सोमवारी सोमलिंगअप्पा गावचे पुढारी राधाकिशननानांशी बुद्धिबळात हरत आले होते, आणि हरण्यात त्यांचा हात धरणारा घाटनांदुरात दुसरा कोणी नव्हता. फार सहज हरलं तर नानांना संशय येई. फार ताणलं तर नानांचं डोकं दुखे. अप्पा बरोबर चहाची बशी खाली ठेवता ठेवता हरत.

नानांचा हल्लाही ठरलेला. समोरच्या राजाने किल्ला बांधला, की त्याच्यापुढचं प्यादं उंटाने मारायचं. उंट फुकट जायचा. राजाने तो खाल्ला, की घोड्याचा शह. मग अप्पांनी राजा मागे कोपऱ्यात न्यायचा, नानांचा वजीर धावून यायचा, आणि मात. "उंट देऊन टाकला बगा नानांनी," असं नानांचा उजवा हात भारत दर सोमवारी नव्याने म्हणायचा. नाना सभेतही सांगत, "आमी द्यायला मागंपुढं बगत न्हाई." ते उंटाचंच म्हणत असावेत. दुसरं काही दिलेलं गावाच्या आठवणीत नव्हतं.

अप्पांचं किराणा दुकान होतं, पण जीव अडकला होता तो लेकीत. रुचिका नानांच्या शाळेत चार वर्षं बिनपगारी शिकवत होती. यंदा एक जागा मंजूर झाली होती आणि त्या कागदावर सही नानांची. सही होईपर्यंत पायात चप्पल घालायची नाही, असं व्रत अप्पांच्या बायकोने, गंगासागरने, धरलं होतं. वैशाख लागला तरी ती महादेवाला अनवाणीच जात होती.

"तुमी तेवढं हरत ऱ्हावा," ती म्हणे, "बाकी मी देवाकडं बगते."

देवाने आपलं काम चोख केलंही असतं. मोडता घातला तो फोनने.

नानांच्या सुनेने, राजनंदिनीने, सासऱ्यांना नवा फोन घेऊन दिला. त्यात बुद्धिबळ होतं. नानांनी अप्पांना कौतुक बघायला शेजारी बसवलं आणि पहिल्याच डावात उंट दिला. फोनने तो खाल्ला. घोड्याचा शह दिला, तर फोनचा राजा कोपऱ्यात पळाला नाही. एक घर पुढे सरकला आणि नानांच्या सगळ्या फौजेसमोर उघडाबोडका उभा राहिला. नानांनी हत्ती दिला. तोही खाल्ला. मग वजीर दिला. तोही गेला. शेवटी राजा सावकाश बाजूला झाला आणि नानांकडे द्यायला काही उरलं नाही.

"फोन बिगडलाय नाना," भारत म्हणाला.

अंबाजोगाईहून दुसरा फोन आणला. तोही तसाच बिघडलेला निघाला. चार दिवसांत नाना एकेचाळीस डाव हरले. अप्पा दुकान बंद ठेवून शेजारी बसून होते. प्रत्येक डावात राजा पुढे सरकताना बघत होते.

राजनंदिनी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मामंजी, त्याला तुमी कोन हाव ते ठाऊक न्हाई ना. त्याला निस्ता उंट दिसतो."

नानांनी हातातला घास खाली ठेवला. मान वळवून अप्पांकडे बघितलं.

सोमवारी अप्पांना दुपारीच बोलावणं आलं. पटाशेजारी रुचिकाचा कागद होता, भारतच्या हातात पेन.

"अप्पा, खरं सांग. वीस वरसं मुद्दाम हरलास का?"

"न्हाई नाना. शप्पत."

"मंग आज खरं खेळ. आज जिंकलास तर मानूस खरा म्हनीन अन् हितंच सही करीन. हरलास तर समजंन, आजबी मुद्दाम हरलास, मला वीस वरसं येड्यात काढलंस. तसल्याच्या लेकीला माझ्या शाळंत जागा न्हाई."

अप्पांनी जिंकायचा विचार जन्मात केला नव्हता. पण चार दिवस त्यांनी फोनजवळ बसून काढले होते, तेवढाच आधार.

नानांनी उंट दिला. अप्पांनी खाल्ला. नानांनी घोड्याचा शह दिला. अप्पांचा हात सवयीने राजाला घेऊन कोपऱ्याकडे निघाला. चटका बसल्यासारखा त्यांनी तो मागे घेतला. मनात महादेवाचं नाव घेतलं आणि राजा एक घर पुढे सरकवला.

नाना थबकले. भारतने पेनाचं टोपण काढलं.

नानांनी वजीर आणला. मग दुसरा घोडा. चौथ्या खेळीला पटाच्या मधोमध अप्पांच्या राजाला मात बसली. चहा अजून चुलीवरच होता.

"नाना, म्या खरंच खेळलो."

"भर चौकात राजा आनून हुबा केलास, अन् म्हंतो खरं खेळलो? शेंबडं पोरगंबी असं करत न्हाई." नानांनी कागदाची घडी घातली. "आजवर निदान सफाईनं तरी हरत होतास."

भारतने टोपण परत लावलं. आठ दिवसांनी ती जागा भारतच्या मेहुणीला मिळाली. भारतला घोडा कसा चालतो हेही माहीत नव्हतं, म्हणून तो कधी हरलाच नव्हता.

डाव हरला त्याच सोमवारी संध्याकाळी रुचिकाने बापाचा डाव आपल्या फोनमध्ये घातला होता. फोनने थोडा विचार केला.

"बाबा, शह बसला तेव्हा तुम्ही एका उंटाने पुढे होता," ती म्हणाली. "फक्त राजा कोपऱ्यात न्यायचा होता. एरवी तुम्ही मुद्दाम हलवता तो घोडा आज राखणीला होता. नानांचा वजीर तिकडे फिरकूच शकला नसता."

"आगं, पन फोन तर दर वक्ताला पुडंच नेत होता."

"दर वेळी पट बघून नेत होता, बाबा."

गंगासागर महादेवाहून परत आली होती. दारात बसून ती भेगाळलेल्या पायांवर तांब्याने पाणी घालत होती. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. सोमवार तेवढे कळत होते.

"म्हंजी वीस वरसं तुमी राजा नेत होता, तितंच न्यायचा होता?" तिने अप्पांना विचारलं.

"हां."

तिने पदराने पाय पुसले.

"मंग नेहमीसारखं हरायचं होतं की," ती म्हणाली. "जिंकला असता."