बोरवाडीत दोन पार्ट्या झाल्या त्याची गोष्ट

वाटूरजवळच्या बोरवाडीला १९८५ साली स्वतःची ग्रामपंचायत मिळाली, तेव्हा रायभाननं पारावर बसून छातीठोक सांगून टाकलं, "आपल्या गावात इलेक्शन होनारच न्हाई. समदं बिनविरोध. पार्टीबाजी आपल्याला बिलकुल जमत न्हाई."

सहा जागा बिनविरोध झाल्याही. सातवीवर खुद्द रायभानचा अर्ज होता, अन् निवडून आला की सरपंच तोच होणार होता. त्याचा अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून त्याचा जिवलग दोस्त कचरू यानं डमी अर्ज भरलेला. तो मागं घ्यायच्या दिवशी दोघं एसटीनं परतूरला गेले. तहसीलच्या दारात कचरू माघारीच्या कागदावर सही करणार, तोच रायभाननं त्याचा हात धरला.

"थांब. तूच हो सरपंच. तुला चार लोकांत बोलता येतं. मीच काढतो माझा."

"येडा झाला का? गावानं तुझं नाव घेतलंय."

"मंग गावाला मी सांगतो."

प्रेमच एवढं, की एकानं पेन काढला की दुसरा हिसकून घ्यायचा. मधे दोघं भजी खाऊन आले अन् परत भांडले. शेवटी कचरू जिंकला, कागद घेऊन आत गेला. साहेब म्हणाले, "तीनची वेळ होती. दहा मिनिटं वर झालीत. आता लढा."

रायभानला छत्री मिळाली, कचरूला कपबशी. प्रचार करायचाच नाही असं दोघांनी ठरवलं. पण गावाला जन्मात पहिलं इलेक्शन मिळालेलं, ते वाया कोण घालवतो? रायभानचा चुलतभाऊ आबाराव छत्री उघडून गल्लीगल्ली हिंडला. कचरूचा मेहुणा कडूबा यानं घरोघर कपबशीतून चहा पाजला. रायभान नऊ मतांनी आला, अन् तिथून गाव जे फाटलं ते फाटलंच. छत्रीवाले चहा पेल्यातून प्यायला लागले. कपबशीवाले भर आषाढात भिजत शेतात जाऊ लागले. दोन पार झाले, दोन गणपती बसले.

हाल झाले ते रायभानचे. कचरूच्या दारावरून जाताना त्याचा पाय घुटमळायचा, तर मागून आबाराव खाकरायचा. बाजारात दोघांची नजरानजर झाली की कडूबा कचरूला पुढं ओढायचा. बैल धुताना, कापूस वेचताना कचरूला सांगण्यासारखं काहीतरी सुचायचं अन् तसंच पोटात राहायचं. पोरीच्या लग्नात सगळं गाव नसतं आलं तरी चाललं असतं, एक कचरू हवा होता. रायभान मांडवामागं जाऊन रडला.

त्याची बायको गोपिकाबाई म्हणायची, "पंधरा वर्सं झाली, त्याच्या नावानं उसासे टाकून राह्यले. माझ्यासाठी टाकला का कधी एखादा?"

दोन हजार सालच्या इलेक्शनला रायभाननं धीर केला. भर सकाळी दोन्ही पारांसमोरून चालत जाऊन तो कचरूच्या ओट्यावर बसला.

"कचरू, लई आठवण येती रे."

"मला का कमी येती?" कचरू म्हणाला अन् त्याच्याजवळ सरकून बसला.

दोन्ही पार्ट्या आपल्यामुळं झाल्या, आपणच मोडू, असं ठरलं. दोघांनी मिळून एकच अर्ज भरला. उमेदवार रायभान, निशाणी शिट्टी. छत्रीवर आबाराव उभा राह्यला, कपबशीवर कडूबा.

निकाल लागला. छत्री एकशे चार, कपबशी अठ्ठ्याण्णव, शिट्टी शून्य.

दोघं ओट्यावर येऊन बसले. कचरूची मान काही वर होईना.

"रायभान, माफ कर. शिक्का हाती आला अन् हात आपोआप कपबशीवर गेला. पंधरा वर्सांची सवय."

"जाऊ दे रे. व्हतं असं," रायभान मोठ्या मनानं म्हणाला.

कचरूचा जीव हलका झाला. मग तो जरा वेळ बोटांवर काहीतरी जुळवत बसला.

"पर तुझं सोताचं एक तरी पडायला पायजे व्हतं ना?"

रायभाननं रस्त्यापलीकडच्या शेताकडं बोट दाखवलं.

"यंदा तूर बरी हाय," तो म्हणाला.