देनकाकांचा सुधारलेला अहवाल

अहवालाच्या पहिल्या ओळीत 'देन' नव्हता आणि मॅनेजरसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

गेली सतरा वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्या काकांचे इंग्रजी अहवाल एकाच चालीवर चालत आले होते. देन गाडी आली, देन माल उतरवला, देन मी सही केली. सगळं ऑफिस त्यांना देनकाकाच म्हणायचं. हेड ऑफिसातला माणूस तिसऱ्या 'देन'ला पेंगतो आणि कागद फाइलला लावून मोकळा होतो, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच परवाच्या अपघाताचा अहवाल त्यांनी मुद्दाम काकांना लिहायला सांगितला होता.

अपघात तसा किरकोळ. जेवणाच्या सुट्टीत रंगाच्या डब्यांचं एक रॅक आडवं झालं आणि स्टोअरची फरशी निळी झाली. पण ते आडवं केलं होतं माल उचलायच्या फोर्कलिफ्टनं, आणि फोर्कलिफ्टवर होते खुद्द साहेब. आसपास कोणी नाही म्हटल्यावर त्यांना एक चक्कर मारायची हुक्की आली होती. परवान्याशिवाय फोर्कलिफ्टला हात लावाल तर घरी बसाल, अशी सूचना महिन्यापूर्वी त्यांनीच सही करून भिंतीवर लावली होती, आणि एका लोडरला आठ दिवस घरी बसवलंही होतं. आता हे बाहेर फुटलं असतं तर साहेबांना तोंड लपवायला जागा उरली नसती.

आणि समोर हा अहवाल. 'टु बिगिन विथ, सव्वा वाजता स्टोअरमध्ये कोणी नव्हते. सबसिक्वेंटली...'

साहेबांना पुढचं वाचायचा धीर होईना. तसेही ते कुठलाच कागद दोन ओळींच्या पुढे वाचत नसत. त्यांनी तो पालथा ठेवला आणि टायपिस्टबाईंना आत बोलावलं.

"हे तुम्ही नीट करून दिलंत का?"

"मी नाही! मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

"मी कशाला सांगेन?" साहेब ओरडले, आणि उगाच ओरडलो असं लगेच त्यांना वाटलं.

बाईंनी आवाज खाली आणला. "साहेब, असलं इंग्रजी वकील लिहितात. माझ्या भावाची घराची केस चालली होती ना, पानापानावर नुसतं 'देअरआफ्टर'!"

वकील! म्हणजे देनकाकांनी सगळं पाहिलंय. साहेबांनी त्या क्षणापासून काकांवर नजर ठेवली, आणि जिकडे बघावं तिकडे पाणी मुरताना दिसू लागलं. एरवी नुसती मान हलवणारे काका आज चक्क "नमस्कार" म्हणाले. दुपारी ते कपाटाचं दार किलकिलं करून आत काहीतरी वाचत होते, आणि साहेबांची चाहूल लागताच त्यांनी दार लावून टाकलं. संध्याकाळी तर फोनवर कोणाला तरी सांगत होते, "हो हो, सगळं क्रमानं मांडलंय. पुढच्या वेळी अजून लागतील."

साहेबांना रात्रभर झोप नाही. सकाळी त्यांनी काकांना केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"काका, फोर्कलिफ्टवर मीच होतो. पाया पडतो, पण वकिलाला मध्ये आणू नका."

"कुठला वकील?" काका बुचकळ्यात पडले.

"मग तुम्हाला ते सबसिक्वेंटली कोणी शिकवलं?"

"सुनेनं. ती तिच्या ऑफिसात पत्रं लिहिते. म्हणाली, बाबा, त्या एका 'देन'ला किती राबवाल? बारा शब्द लिहून दिले. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. आधी आलेला माल आधी बाहेर, आपल्या स्टोअरच्या नियमानं. वापरला की खोडायचा. चोरून बघतो हो, लोक हसतील म्हणून."

साहेब खुर्चीत मटकन बसले. "आणि अहवालात काय लिहिलंय?"

"वाचला नाहीत? सबसिक्वेंटली मांजर रॅकवर चढलं. फरशीवर निळे पंजे उमटले होते, मला वाटलं, त्याचाच उद्योग."

साहेबांना तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मांजराचाच अहवाल पुढे जावा म्हणून टेबलावर काकांच्या हाताखाली आलेला तो कागद त्यांनी हळूच ओढून पाहिला. काकांनी तो घट्ट दाबून धरला.

"आता नाही जमायचं, साहेब. माझ्या स्टोअरमधून चुकीचा माल बाहेर जात नाही. नवा अहवाल लिहितो."

"यादीत शब्द किती उरलेत?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"एकच. 'फायनली'. तो तुम्ही लोडरला जे माफीपत्र देणार आहात, त्यासाठी राखून ठेवलाय."

साहेबांनी मुकाट्यानं मान हलवली. मग एकदम त्यांचे डोळे लकाकले.

"मग काका, अहवालाला आपला जुनाच शब्द वापरा. सढळ हातानं वापरा."

दुपारी नवा अहवाल आला. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एक कागद शेवटपर्यंत वाचला, तोही ओळीवर बोट ठेवून. त्यांचं नाव चौथ्या 'देन'नंतर आलं होतं. त्यांनी पुन्हा एकदा मोजून खात्री केली आणि सही ठोकली.