सुलभाचे साक्षीदार

आमच्या शेजारची सुलभा पोदेराकडून पाव घेते तेव्हा मला कुंपणापाशी हाक मारते. "काका, चार उंडे घेतले. तुमी साक्षी हां!" आमटीत मीठ बेताचं आहे, हेसुद्धा दोघांनी चाखल्याशिवाय ती मान्य करत नाही. आमच्या आमोणे गावात तिला सगळे 'साक्षीबाय' म्हणतात. तिला राग येत नाही. कोण म्हणालं, ऐकायला कोण होतं, एवढंच विचारते.

पण बाईचं डोकं असं, की हात जोडावेत! शहरातली संगणकाची नोकरी सोडून गावी आली आणि आमच्या मानशीला तिने एआय बसवलं. मानस म्हणजे नदीकाठच्या बांधातलं दार. भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं. आता पाणी-पाऊस पाहून यंत्रच ठरवतं. त्याने काय केलं आणि का केलं, याची नोंद त्याच क्षणी ब्लॉकचेनने सगळ्या शेतकऱ्यांच्या फोनवर जाते. ती कुणालाच बदलता येत नाही, खुद्द सुलभालाही. मला समजेना, तेव्हा तिने केसांतला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, दाखवला. "मदलें एक फूल काडून पळयात काका. अख्खो सुटता." मधली एक नोंद बदलली, की अख्खी माळच सुटणार! मी थक्क झालो. तेव्हापासून फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवतो.

यंदा ऐन भरतीत दार उघडलं आणि खारं पाणी भातात शिरलं. दार हाताने फिरवायचं चाकही आहे, त्यामुळे गाव राखणदार गुणाजीवर तुटून पडलं. उघड्या दारातून मासळी, कोळंबी आत येते ना! "सुंगटांसाठी ह्यानेच उघडलेलें!" गुणाजी मान खाली घालून उभा.

देवळातल्या बैठकीत सुलभा उठली. "सगळ्यांनी फोन काडा." नोंद तिनेच मोठ्याने वाचली. मोठा पाऊस येणार असा अंदाज बांधून, शेतात पाणी तुंबू नये म्हणून यंत्राने दार उघडलं होतं. माणसाचा हात लागलाच नव्हता.

"चूक माज्या यंत्राची. म्हणजे माजी."

"अगो, तू गप्प राहिली असतीस तर कोण वाचणार होतं?" मी कुजबुजलो.

"म्हणूनच वाचली."

यंत्र काढून टाका, असा गलका झाला. एवढी मेहनत पाण्यात जायची वेळ आली, आणि ही बाई हसत होती!

तिचे वडील पूर्वी याच मानशीचे राखणदार होते. असंच एकदा भात खारं झालं, तेव्हा गावाने त्यांना चोर ठरवलं. दार लावलं होतं हे सांगायला साक्षीदार नव्हता. सुलभा तेव्हा शाळेत होती.

परतताना ती गुणाजीच्या घरापुढे थांबली. त्याची धाकटी अंगणात लंगडी खेळत होती. सुलभा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "उद्यां हिका शाळेत कोण कायच म्हणचो ना."