दुर्गाबाईची भेंडी आणि चंद्रभानची पऱ्हाटी

"बाबा, मले आपल्या वावरातलं पऱ्हाटीचं एक पान पाह्यजे," आचल म्हणाली, आणि कपाशीच्या पानाचं नाव निघताच चंद्रभान काळमेघच्या हातातला घास हातातच राहिला.

"काहून?"

"शाळेत न्यायचं हाय. अमरावतीवरून अवनी मॅडम आल्या. कार्यशाळा हाय. पान कुटून त्याच्यातून डीएनए काढाचा, अन् मंग कंप्युटरवर पाह्याचं का थे पान कोनतं व्हय."

"पान पाहून समजत नाई का मॅडमले, कोनतं व्हय थे?"

"तसं नाई ना बाबा. त्याच्या आतमधी काय काय हाय, थे अक्षरात लिहून येते. कोनती जात, कोनतं बियानं, सगळं समजते म्हने."

चंद्रभाननं घास ताटात ठेवला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे असलेल्या हिवरखेडीत चंद्रभानइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. ग्रामपंचायतीनं कचऱ्याचे डबे फुकट वाटले, तेव्हा सगळ्यांनी डबे घरी नेले. यानं आपला डबा उलटा करून आधी त्याच्या बुडाशी काय चिकटवलंय ते पाहिलं होतं. पण या वेळी त्याच्या संशयाला कारण होतं. नाल्याकाठच्या तीन एकरांत त्यानं यंदा चोरबीटी लावली होती.

चोरबीटी म्हणजे सरकारनं परवानगी न दिलेलं कपाशीचं बियाणं. तणनाशक फवारलं की तण जळून जातं आणि पऱ्हाटी मात्र जशीच्या तशी उभी राहते, अशी त्याची ख्याती. पेरलं तर गुन्हा, म्हणून सगळे गुपचूप पेरतात. चंद्रभान आणि त्याचा दोस्त देवानंद या दोघांनी मिळून ते अकोल्याच्या बाजारात एका अनोळखी माणसाकडून आणलं होतं. पाकिटावर नाव नाही, गाव नाही.

जेवण तसंच टाकून तो देवानंदकडे गेला. देवानंद ओट्यावर बसून बैलाचा दोर वळत होता.

"देवा, कृषी खात्यानं नवा डाव टाकला," चंद्रभान बाजूला बसत हळू आवाजात म्हणाला. "सायब लोक वावरात येत नाईत आता. पोट्ट्याईच्याच हातून पानं मांगवून राहिले."

सगळं ऐकून देवानंदच्या हातातला दोर सुटला. "मॅडम कशी हाय?"

"मी पाह्यली सकाळी. बारीक हाय, चष्मा हाय, अन् सारखी हासते."

"हासते?" देवानंद म्हणाला. "मंग खात्याचीच असन. मास्तरीन कायले हासन?"

त्यानं सुटलेला दोर पुन्हा हातात घेतला. मग तोडगा देवानंदलाच सुचला. भेंडीचं पान थेट पऱ्हाटीच्या पानासारखं दिसतं. तेच द्यायचं. शहरातल्या बाईला काय कळणार?

गावात भेंडी होती ती दुर्गाबाईच्या परसात. चंद्रभान उजाडता उजाडता कुंपणापाशी पोचला, तर समोर बाया-बापड्यांची गर्दी. मधोमध दुर्गाबाई कमरेवर हात देऊन उभी होती. तिच्या भेंडीच्या झाडांना भेंड्या जशाच्या तशा लटकत होत्या, पण पानं जवळजवळ एकही उरलं नव्हतं. देवानंदनं ही युक्ती चंद्रभानला एकट्याला सांगितली नव्हती, आणि चोरबीटीही गावात एकट्या चंद्रभानकडे नव्हती.

"चोर असता तं भेंड्या नेल्या असत्या," दुर्गाबाई सांगत होती. "पानं कोन नेते? हे करनी व्हय. माह्या घरावर कोनाचा तरी डोया हाय."

"लिंबू-मिरची बांधून पाह्य, मावशी," चंद्रभान म्हणाला आणि तिची पाठ वळताच खालच्या फांदीवरचं उरलेलं एक पान त्यानं खिशात घातलं.

आचलनं पान हातात घेतलं आणि बापाकडे पाहिलं. "बाबा, हे भेंडीचं हाय."

"पऱ्हाटीचं हाय. मी म्हनतो ना."

"लव पाह्यना त्याच्यावरची."

"ज्याचं खाऊन मोठी झाली त्या बापावर शक घेतं का?" चंद्रभान म्हणाला. आचलनं पान पिशवीत टाकलं, पण ते दोन बोटांत धरून.

त्या दिवशी शाळेत एक नवल घडलं. पालकसभेला कधी न फिरकणारे बापलोक एकेक करून येऊन वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मुख्याध्यापक कमलाकांत सर गहिवरले. "मॅडम, विज्ञानाची एवढी ओढ मी या गावात पहिल्यांदाच पाहतोय," ते म्हणाले. भिंतीजवळच्या ओढीनं पायावरचा भार बदलला.

अवनी मॅडम अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवत. सजीवांच्या पेशीत लिहिलेला मजकूर कॉम्प्युटरनं कसा वाचायचा, हे गावोगावच्या शाळांमधल्या मुलांना करून दाखवायची त्यांना हौस होती. त्यांनी मुलांना पानं खलबत्त्यात कुटायला लावली. त्यात भांड्याच्या साबणाचं पाणी आणि मीठ घालून, गाळून, वरून थंडगार स्पिरिट हळूच सोडायला सांगितलं. "आता पांढरे, बारीक धागे वर येतील. अगदी थोडे. नीट बघा."

थोडे आले नाहीत. ग्लासातून शेंबडासारखा लोळ वर येऊ लागला. एका पोरानं काडी घालून वर ओढली, तर लोळ हातभर लांब आला आणि तुटेना. दुसऱ्यानं ग्लास उलटा केला तरी काही सांडेना. मॅडमनी एक ग्लास उजेडात धरला, मग दुसरा, मग तिसरा.

"कापसाच्या पानात एवढा चिकटपणा?" त्या पुटपुटल्या. "सगळी पानं कापसाचीच आहेत ना?"

पोरांनी मागं वळून आपापल्या बापांकडे पाहिलं. बाप छताकडे पाहत होते.

"हो मॅडम," पोरं एका सुरात म्हणाली.

तेवढ्यात दारात दुर्गाबाई उभी राहिली. पोरांच्या पिशव्यांतून पानं गेली, ही बातमी तिला लागली होती. टेबलावर उरलेलं एक पान तिनं उचललं, उलटं केलं, बोटानं चोळलं आणि नाकाशी नेलं.

"हे माही भेंडी व्हय," ती म्हणाली. मग भिंतीकडे बोट केलं. "अन् हे सगळे करनीवाले तठी उभे हायेत."

कमलाकांत सरांचा गहिवर तिथंच ओसरला. मॅडमना मात्र राग आला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "गावात एवढा कापूस असताना भेंडी का आणली?"

बाप पुन्हा छताकडे पाहू लागले. मॅडमची नजर फिरत फिरत चंद्रभानवर येऊन थांबली. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून तो बोलला.

"पऱ्हाटीवर रोग हाय, मॅडम. पान तोडलं का पसरते."

"कसला रोग?" मॅडमचे डोळे चमकले. "मग मला बघायलाच हवं. तुमचं शेत जवळ आहे का?"

"नाई," चंद्रभान म्हणाला.

"शाळेच्या मांगंच हाय," आचल म्हणाली.

मॅडम पुढं, चाळीसेक पोरं मागं आणि त्यांच्या मागं सगळे बाप, अशी वरात नाल्याकाठी निघाली. वाटेत चंद्रभाननं दोनदा चिखलाची भीती घातली, एकदा सापाची. मॅडम म्हणाल्या, साप बघायलाही त्यांना आवडेल.

वावर पाहून त्या थबकल्या. छातीइतकी, हिरवीगार, पात्याफुलांनी लदलेली पऱ्हाटी. रोगाचा कुठं डाग नाही. आणि ओळींच्या मधली काळी माती अंगणासारखी स्वच्छ.

"एकही तण नाही," मॅडम चंद्रभानकडे वळून म्हणाल्या. "हे कसं काय जमवलंत, भाऊ?"

चंद्रभान दोन पावलं मागं सरला. हाच प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं.  आणि तेवढ्यात समोरच्या ओळीतून त्याची बायको शकुन हातात खुरपं घेऊन उभी राहिली.

"कसं काय म्हंजे?" शकुन म्हणाली. "पोया झाला तरी कंबर मोडून निंदूनच राहिलो आमी. औषधाची बाटली घरी तशीच पडून हाय. म्या म्हटलं, फवारा. तं म्हनते, नाई. फवारलं का वास सुटते अन् लोकाईले समजते."

"काय समजतं?" मॅडमनी विचारलं.

शकुननं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उमगलं, की आपण फार बोललो. "काई नाई," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

मॅडमनी एकदा शकुनच्या खुरप्याकडे पाहिलं, एकदा स्वच्छ मातीकडे. त्या शहरातल्या असल्या तरी वऱ्हाडातल्या होत्या. "भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "मी खात्याची माणूस नाही. मला फक्त मुलांना शिकवायचंय. एक पान नेऊ का? वाटल्यास पिशवीवर नाव लिहीत नाही."

नाही म्हणावं तर संशय वाढणार, हो म्हणावं तर गळ्यात फास. चंद्रभाननं मान अशी हलवली, की तिचा कोणताही अर्थ निघावा. आचलनं त्यातला आपल्याला हवा तो अर्थ काढला आणि पान तोडून दिलं.

त्यानंतर चंद्रभानची झोप उडाली. रस्त्यानं पांढरी गाडी दिसली की तो तुरीत शिरून बसे. एकदा खरोखरच दोन माणसं फाईल घेऊन घरी आली, तेव्हा त्यानं मागच्या दारानं पळ काढला. ती पोलिओच्या डोसासाठी आली होती. एका सकाळी तर तो सगळी पऱ्हाटी उपटून टाकायला निघाला. शकुन बांधावर आडवी उभी राहिली.

"एक झाड उपटून पाह्यजा," ती म्हणाली. "मंग मी तुमाले दाखवतो."

तो परत फिरला.

दसऱ्यानंतर मॅडमचा निरोप आला: पानाचा मजकूर तयार आहे, मुलांना अमरावतीला घेऊन या. चंद्रभान पोरांसोबत एसटीत बसला. पकडलंच तर लेकीच्या डोळ्यांदेखत नको, एवढं त्यानं ठरवलं होतं. पण ते कसं टाळायचं हे मात्र त्याला सुचलं नव्हतं.

कॉलेजच्या खोलीत कॉम्प्युटरच्या रांगा होत्या. आचलच्या समोरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरंच अक्षरं होती, तीच तीच चार, उलटीपालटी. मॅडमनी समजावलं, "तणनाशक सोसायची ताकद देणारा एक ठरावीक मजकूर असतो. तो या पानात आहे का, ते तुम्ही शोधायचंय."

आचलनं तो मजकूर घातला आणि बटण दाबलं. चंद्रभान तिच्या खुर्चीमागं उभा होता. 

"नाई सापडलं," आचल म्हणाली. तिनं पुन्हा करून पाहिलं. शेजारच्या मुलीनंही केलं. "नाईच सापडत."

"म्हंजे वाचलो?" चंद्रभान तिच्या कानाशी कुजबुजला.

"बाबा, हे थे बियानंच नोय. साधं हाय."

चंद्रभाननं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. "मीही दुसऱ्यांदा तपासून घेतलंय. बरं झालं फवारलं नाहीत, भाऊ. तण आणि कापूस, दोन्ही एकाच दिवसात जळाले असते."

परतीच्या एसटीत चंद्रभान खिडकीशी बसला. बडनेऱ्यापर्यंत त्याला नुसतं हलकं वाटत होतं. आपण गुन्हेगार नाही. इतके दिवस तुरीत लपलो ते उगाच. बडनेरा गेल्यावर त्याला राग यायला लागला, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत तो पुरता तापला होता. त्या पाकिटासाठी अकोल्यात गल्लीबोळातून नेणारा, 'एकदम असली माल हाय' म्हणणारा देवानंदच होता.

तो घरी गेलाच नाही. सरळ देवानंदला ओट्यावरून उठवलं. "देवा, थे बियानं खोटं व्हतं. साधं व्हतं. फवारलं असतं तं सगळं जयलं असतं माहं."

 देवानंदनं पायात चपला घातल्या आणि "चाल" म्हणाला. नाल्यापल्याड, बाभळींच्या आड देवानंदचं वावर होतं. तिकडे सहसा कोणी फिरकत नसे. चंद्रभान बांधावर चढला आणि जागीच थांबला. दोन एकरांत करड्या, वाळलेल्या काड्यांशिवाय काही नव्हतं. काड्यांच्या मधून नवीन गवत मात्र जोमानं उगवलं होतं.

"श्रावनातच फवारलं म्या," देवानंद म्हणाला. "तिसऱ्या दिवशी हे असं."

चंद्रभानचा राग कुठं गेला ते त्यालाही कळलं नाही. "मंग सांगतलं काहून नाई मले?"

"तुयी पऱ्हाटी उभी व्हती ना. तन बी नोतं तुया वावरात. मले वाटलं, तुयं फवारून झालं, माहाच डोस चुकला. लोकं हासतीन म्हून बसलो गप."

"ठान्यात जाऊन रपोट देऊ त्या मानसाची."

"काय सांगशीन?" देवानंदनं विचारलं. "सायब, चोरीचं म्हून घेतलं, अन् थे इमानदारीचं निंगालं?"

चंद्रभान विचार करू लागला.  दोघं बांधावर बसले. एक बगळा त्या काड्यांमधून शांतपणे चालत गेला.

"पन तू काहून नाई फवारलं?" देवानंदनं मग विचारलं.

"कोनी पाह्यन म्हून." चंद्रभान थांबला. मग खरं तेच बोलला. "अन् तू कोनाले सांगशीन म्हून. तुयावर भरोसा नोता."

देवानंदला राग आला नाही. त्यानं नुसती मान हलवली.

"माहा व्हता ना," तो म्हणाला. "त्या अकोल्याच्या मानसावर."

अंधारायला लागलं तसे दोघे उठले. बांधावरून उतरताना चंद्रभानला वाटलं, काहीतरी बोलावं. पण आयुष्यात कोणाला समजावण्याची सवय नसल्यानं त्याला जे जमलं ते तो बोलला.

"सोमवारी पहिला कापूस येचतो आमी. वावरात सीतादईची पूजा हाय. शकुन दहीभात करन. तू ये जेवाले. घरच्याईले बी आन. अन् जाताना एक गाठोडं कापूस नेजो."

देवानंद चालता चालता थांबला. त्यानं चंद्रभानला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, मग आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"खरं सांग," तो आवाज उतरवून म्हणाला. "तुया मनात काय हाय?"