टाळूला न चिकटणारी खारी

आर्णीच्या बसस्टँडमागे बेकरी चालवणारे देवीदासकाका कोणाला नमस्कार करत नाहीत. समोरच्याच्या तोंडात घास दिसला की ते विचारतात, "टाळूले चिकटलं काय?" माझ्या लग्नात त्यांनी हा प्रश्न थेट माझ्या सासऱ्यांना विचारला. सासरे बुंदी खात होते. त्यांना वाटलं, हा वरपक्षाकडचा काही विधी असावा. त्यांनी जीभ टाळूवर फिरवून पाहिली आणि नम्रपणे सांगितलं, "थोडं चिकटलं." काका माझ्याकडे वळले. "पाह्य. वनस्पती तूप हाये. आपल्या पोराच्या लग्नात."

या प्रश्नामागे काकांचं संशोधन आहे. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात आलं की खारी वनस्पती तुपाशिवाय फुलली पाहिजे आणि हृदयाला त्रास न देता पोटात गेली पाहिजे. तोवर त्यांची वनस्पतीतली खारी दिग्रसपर्यंत जायची आणि कोणाची तक्रार नव्हती. "जे टाळूले चिकटते, ते रक्ताच्या नळीलेही चिकटतच असंन," हा त्यांचा सिद्धांत. शास्त्र इतकं सरळ नसतं, हे मी समजावून पाहिलं. ते म्हणाले, "बी.एस्सी. तुही असंन, टाळू माही हाये."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बारावीला थंडीच्या दिवसांत पहाटे काकांच्या भट्टीशेजारी बसून अभ्यास केला, म्हणून अर्धी पदवी त्यांची आहे असं मी मानतो. काका ती पूर्ण स्वतःचीच मानतात. त्यामुळे दुकानात नवीन तेल आलं की मी शिकवतो त्या शाळेत मला निरोप येतो.

आधी सरकीचं तेल आलं. खारीला मैद्याच्या घड्यांमध्ये घट्ट तूप लागतं, तेव्हा कुठे पापुद्रे सुटतात. तेल मैद्यातच मुरलं आणि भट्टीतून कडक पोळ्या निघाल्या. मग कोणीतरी जवसाच्या तेलाचं कौतुक केलं. भट्टीच्या आचेवर त्याला असा वास सुटला की समोरचा सुतार येऊन विचारून गेला, "काका, कोणत्या दरवाजाले पॉलिश करून राह्यले?"

शेवटी मीच कुठेतरी वाचून सांगितलं, की तेलात थोडं मधमाशीचं मेण विरघळवलं तर थंड झाल्यावर ते लोण्यासारखं घट्ट होतं. काकांना 'थोडं' हा शब्द ऐकू येत नाही. झरी जामणीकडे मध काढणाऱ्यांकडून त्यांनी मेणाचा गोळा आणला आणि सढळ हाताने घातला. खारी फुलली खरी, पण चावली की तिच्यावर दातांचे ठसे उमटायचे, दंतवैद्याने जपून ठेवावेत असे. गावाने काकांचं नाव 'मेणबत्ती' ठेवलं. लाइट गेली की ऑटोवाले ओरडायचे, "काका, दोन खाऱ्या द्या, वातवाल्या." गिऱ्हाईक आटलं. काकू म्हणायच्या, "लोकायचं हृदय चालू ठेवता ठेवता आपलं दुकान बंद पडून राह्यलं."

दुकानासमोर एक लाकडी बाक आहे. त्यावर कोणी टेकायला गेलं की काका आतून ओरडत, "बसू नका, रंग ओला हाये." तो रंग दोन वर्षं ओला होता. पूर्वी तिथे गणपतराव बसत. एसटीतले निवृत्त कंडक्टर. रोज चहात खारी बुडवायची, काकांशी भांडायचं आणि गिऱ्हाइकांना "पुढे सरका" म्हणायचं, हा त्यांचा दिनक्रम. नागपूरला त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला, डॉक्टरांनी बेकरीचं खाणं बंद केलं आणि ते यायचे थांबले. विषय निघाला की काका म्हणत, "बरं झालं. डोक्याची कटकट गेली."

गेल्या महिन्यात मेणाचं प्रमाण जमलं. मी खारी मोडली तर पापुद्रे भुरभुरले. खाल्ली, टाळू साफ. मला वाटलं, काका आता काउंटरवर पाटी लावतील. त्यांनी चार खाऱ्या कागदात गुंडाळल्या, अंगावरचा मैदा झटकला आणि म्हणाले, "गाडी काढ."

गणपतराव ओसरीत बसले होते. "काय गा मेणबत्ती, रस्ता चुकला?"

"तू काहून येत नाहीस?" काकांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"येऊन काय करू? तुह्या दारात बसून लोकायच्या तोंडाकडे पाहू?"

काकांनी पुडा पुढे केला.

"बेकरीचं बंद हाये मले."

"हे बेकरीचं नाही. बी.एस्सी.चं हाये."

त्यांची सून दारात आली. "सर, बाबायले हे चालते का?" तिने मला विचारलं. काका माझ्याकडे असे पाहत होते, जणू माझ्या हातात त्यांचा निकाल आहे. मी खरं ते सांगितलं. तूप गेलं असलं तरी मैदा आणि मीठ तेच आहे, डॉक्टरांना विचारा. तिने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. काका मागून ओरडत होते, "टाळूले चिकटत नाही म्हणा." तिकडून उत्तर आलं, आठवड्यातून एकदा, अर्धी.

गणपतरावांनी अर्धी खारी मोडली, बिनसाखरेच्या चहात बुडवली आणि डोळे मिटून खाल्ली. आता काका तो प्रश्न विचारणार म्हणून मी वाट पाहत होतो. काका अंगावर नसलेला मैदा झटकत राहिले.

गणपतरावांनी जीभ टाळूवर सावकाश फिरवली. "नाही चिकटलं," ते म्हणाले. "पण भाजायले कच्ची हाये. उद्या येतो, बसून सांगतो."

आता खारी आठवड्यातून अर्धी आणि भांडण रोज. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दोघं बाकावर बसून एकमेकांची अक्कल काढत होते. बाकाचा रंग एका रात्रीत वाळला होता. मीही टेकायला गेलो, तर काका म्हणाले, "तू नको बसू लेका. तुह्या बाजूचा ओलाच हाये."