जुन्या विरुद्ध नव्या

"समाज जोडायचा असेल, तर भाषणं बंद करा आणि मैदानात उतरा!" हे नरसिंगरावांनी चांगलं अर्धा तास भाषण करून सांगितलं.

राजाजीनगरच्या मराठी मंडळाची ती बैठक होती. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मंडळात तेव्हा सरळसरळ दोन तट पडले होते. एक जुने. यांचे खापरपणजोबासुद्धा बेंगळुरातच जन्मलेले, आणि मराठीत कन्नड अशी मिसळलेली की कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नसे. दुसरे नवे. हे पुण्या-मुंबईहून नोकरीपायी आलेले आणि जुन्यांचं मराठी ऐकून तोंडाला रुमाल लावणारे. हळदीकुंकवालासुद्धा दोन्हीकडच्या बायका समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसायच्या!

नरसिंगराव जुन्यांपैकी. यशवंतपूरला पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. त्यांनी यावर उपाय काढला: बायकांची थ्रोबॉलची मॅच, जुन्या विरुद्ध नव्या!

"एकदा एकत्र घाम गाळू द्या. भांडण राहिलं तर नाव बदलीन!"

जुन्यांची कॅप्टन झाली नरसिंगरावांची बायको कौशल्या. नव्यांच्या कॅप्टन झाल्या सुनंदाताई. या सुनंदाताई म्हणजे नरसिंगरावांच्याच कारखान्याचे मॅनेजर श्रीकांतसाहेब, त्यांच्या पत्नी. आता अंपायर कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे चपला शोधायला लागले. नरसिंगरावांनी मात्र हात वर केला.

"अहो," घरी आल्यावर कौशल्या म्हणाली, "एकीकडे मी, दुसरीकडे साहेबांची बायको. मधे तुम्ही कशाला?"

"शिट्टी तोंडात घेतली की मला बायको नाही आणि साहेबही नाही!"

"सरी, तसं तर तसं. मग जेवायला कुठे जाणार तेही ठरवून ठेवा."

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मॅच सुरू झाली. थ्रोबॉलमध्ये चेंडू झेलायचा आणि लगेच जाळ्यापलीकडे फेकायचा, धरून बसायचं नाही. कौशल्याने पहिलाच चेंडू झेलला आणि नरसिंगरावांनी गाल फुगवून शिट्टी मारली.

"फार वेळ धरला! पॉइंट नव्यांना!"

"अय्यो! आत्ता तर हातात आला!"

"नरसिंगा, प्रमोशन पक्कं रे!" जुन्यांच्या बाजूने शेजारचे बसवंतमामा ओरडले. लोक खो खो हसले. नरसिंगरावांचे कान तापले. आता लगेच तोल सांभाळायला हवा होता. सुनंदाताईंनी चेंडू फेकला मात्र, की पुन्हा शिट्टी!

"रेषेवर पाय!"

"एक्स्क्यूज मी, कुठला पाय?"

"डावा."

"डावा मागे होता माझा."

"मग उजवा."

झालं! नव्यांच्या बाजूने हुर्यो उठली. खुर्चीत बसलेल्या श्रीकांतसाहेबांनी चष्मा काढला आणि रुमालाने सावकाश पुसायला घेतला. कारखान्यात साहेबांनी असा चष्मा पुसला की कुणाची तरी बदली व्हायची. त्यानंतर खेळाकडे बघायचं नरसिंगरावांनी सोडूनच दिलं. एक पॉइंट इकडे, एक तिकडे, चौकातल्या सिग्नलसारखा न्याय चालू झाला!

साहजिकच गुण बरोबरीत आले. शेवटचा पॉइंट. सुनंदाताईंनी चेंडू लांब भिरकावला, कौशल्याने तो मुद्दाम सोडला, आणि चेंडू मागच्या रेषेपाशी पडला.

"बाहेर!" जुन्या ओरडल्या.

"आत!" नव्या किंचाळल्या.

सगळ्यांनी अंपायरकडे पाहिलं. अंपायर साहेबांच्या चष्म्याकडे बघत होते. नरसिंगरावांनी शिट्टी तोंडातून काढली.

"पॉइंट... दोघींना अर्धा अर्धा."

मग दोन्ही कॅप्टन चालून आल्या.

"अर्धा?" सुनंदाताई म्हणाल्या. "अहो, हे घरीसुद्धा असेच का?"

"विचारू नका अक्का! इडली करू की दोसा विचारलं तर म्हणतात, दोन्ही स्वल्प स्वल्प कर!"

पुण्याच्या सुनंदाताईंना आजवर कुणी अक्का म्हटलं नव्हतं. त्यांना इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या. शिट्टी नरसिंगरावांच्या गळ्यातून निघून बसवंतमामांच्या गळ्यात गेली, पुढच्या रविवारी मॅच पुन्हा खेळायची ठरली, आणि सगळ्या बायका एकत्र कॉफी प्यायला निघून गेल्या. चेंडू कुणी न्यायचा, हे सांगायलाही कुणी थांबलं नाही.

तो आठवडा नरसिंगरावांना जड गेला. संध्याकाळी घरी यावं तर कौशल्या प्रॅक्टिसला गेलेली, तीही सुनंदाताईंबरोबर! कारखान्यात तर साहेबांनी स्वतः बोलावलं. नरसिंगराव बदलीच्या तयारीने आत गेले.

"रविवारी मी गुण लिहिणार आहे म्हणे," साहेब पडक्या आवाजात म्हणाले. "तुमच्या मिसेसनी सांगितलंय. मला नाही म्हणता आलं नाही."

रविवारी नरसिंगराव गुळगुळीत दाढी करून आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. पाहतात तो जाळ्याचा एक खांब गायब! शाळेवाल्यांनी मांडवासाठी उपटून नेला होता. दोन्ही कॅप्टन इकडे तिकडे बघायला लागल्या, आणि बघता बघता दोघींची नजर एकाच ठिकाणी थांबली.

"उंचीला बरे आहेत," सुनंदाताई म्हणाल्या. "दोरी अशी वर धरा. हलायचं नाही."

"आणि बोलायचं तर अजिबात नाही," कौशल्या म्हणाली.

नरसिंगराव दोरी धरून उभे राहिले. ऊन चढलं, नाक खाजलं, पण ते हलले नाहीत. खेळ मात्र झकास झाला! पुन्हा बरोबरी, पुन्हा शेवटचा पॉइंट. कौशल्याने चेंडू तिरका मारला. तो थेट नरसिंगरावांच्या पायाजवळच्या रेषेवर आपटला. चुन्याची भुकटी त्यांच्या पँटीवर उडाली.

"आत!"

"बाहेर!"

बसवंतमामा शिंकत होते, त्यांना काहीच दिसलं नव्हतं. दोन्ही संघ वळले. साहेबही वही घेऊन उठले.

"नरसिंगराव, तुमच्या पायाशीच पडला. सांगा, आत की बाहेर?"

नरसिंगरावांनी दोरी आणखी ताणली आणि नजर सरळ समोर ठेवली.

"साहेब," ते म्हणाले, "मी खांब आहे."