व्यंकटरमणरावांची वाफेची पेटी

मुलांनो, एक लाकडी कपाट डोळ्यांसमोर आणा. फार उंच नको, तुमच्या आईच्या खांद्याला लागेल एवढे. कपाटाच्या माथ्याला एक गोल भोक आहे आणि त्या भोकातून एका आजोबांचे डोके बाहेर आले आहे. बाकीचे आजोबा आत आहेत. दाराला बाहेरून कडी लागली आहे. आसपास माणूस नाही. एक कावळा तेवढा विहिरीच्या काठावर बसून हे काय आहे याचा विचार करतो आहे. आणले डोळ्यांसमोर? आता हे आजोबा तिथे कसे गेले ते सांगतो.

त्यांचे नाव व्यंकटरमणराव. कुंभकोणमला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षे काम करून ते एकोणीसशे चौपन्न साली निवृत्त झाले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी सीतालक्ष्मीबाई वारल्या होत्या. तेव्हापासून घरात ते आणि भिंतीवरचे घड्याळ. घड्याळ थोडे मागे पडे, पण बोलणारे तेवढेच होते.

तिकडे दर शनिवारी पुरुषांनी डोक्याला तिळाचे तेल लावून ऊन पाण्याने न्हायचे, अशी रीत आहे. तेल सीतालक्ष्मीबाई घालत. घालता घालता त्या गावभरच्या बातम्या सांगत आणि राव डोळे मिटून "हूं, हूं" करीत. त्या गेल्यावर रावांनी दोन शनिवार स्वतःच तेल लावून पाहिले. तुम्हीही कधी पाहा. हात दुखून येतात आणि "हूं" कशाला म्हणायचे ते कळत नाही. त्यांनी तेल लावणे सोडून दिले.

शेजारच्या नागलक्ष्मीबाई म्हणाल्या, "रावजी, शनिवारी आमच्याकडे या की. आमचे हे तुमच्याही डोक्यास तेल घालतील."

"कशास? माझं मी पाहतो," राव म्हणाले.

मग एका मासिकात त्यांनी वाचले की दूरच्या थंड देशात लोक गरम वाफेत बसतात, घाम आला की गार पाण्याखाली उभे राहतात, पुन्हा वाफेत जातात. तेल नको, चोळायला कोणी नको. रावांना हे फार पटले. जवळच्या दारासुरम गावी विणकरांना रेशीम ठेवायची कपाटे करून देणारा एक सुतार होता. त्याच्याकडून त्यांनी भोकाचे कपाट करून घेतले. ते मागच्या अंगणात ठेवले, आत स्टूल ठेवले आणि चुलीवरच्या पातेल्यातली वाफ बांबूच्या नळीने आत घेतली. बाहेर एका घंगाळात विहिरीचे गार पाणी.

पहिल्या शनिवारी सगळे मासिकाप्रमाणे झाले. फक्त गार पाणी अंगावर घेताना राव असे किंचाळले की नागलक्ष्मीबाई भिंतीपाशी धावत आल्या.

"अय्यो, रावजी, तापल्या अंगावर गार पाणी? ताप डोक्यात चढेल."

"याचं शास्त्र आहे, बाई."

बाई घरात गेल्या. पण दुसऱ्या शनिवारी राव वाफेत असताना त्यांनी मागून हळूच येऊन घंगाळात एक हंडा कढत पाणी ओतले. बिचाऱ्यांनी मायेनेच केले. राव घाम गाळत बाहेर आले, श्वास रोखून त्यांनी पहिला तांब्या घेतला, आणि त्या दिवशीची किंचाळी बाजारापर्यंत गेली.

राव रागावले. त्यांनी खडू घेतला आणि पार्सलावर लिहीत तसे कपाटावर, घंगाळावर, चुलीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'हात लावू नये.' नागलक्ष्मीबाईंच्या नऊ वर्षांच्या मुलीला, गोदाला, बोलावून बजावले, "कोणी काही म्हणो, हात लावायचा नाही. आणि शनिवारी आठ ते नऊ इकडे कोणी फिरकायचंही नाही."

तिसऱ्या शनिवारी राव आत बसले, डोके बाहेर काढले आणि दोरीने दार ओढून घेतले. जरा जोरात ओढले. बाहेरची कडी उडाली आणि टक् करून खाली बसली.

वाफ संपली. चूल विझली. राव आत ओले होऊन गारठू लागले. हाक मारली असती तर सगळी धावत आली असती. पण मग 'माझं मी पाहतो' म्हटले होते, त्याचे काय करायचे? बराच वेळ त्यांनी कावळ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "कोणी आहे का?"

"काय पाहिजे, रावजी?" भिंतीपलीकडून नागलक्ष्मीबाई.

"काही नाही. सहज विचारलं."

"बरं," म्हणून बाई आत गेल्या.

नऊ वाजले तशी गोदा जास्वंदीची फुले न्यायला आली. डोक्यासमोर उभी राहून तिने खडूची अक्षरे वाचली.

"आजोबा, तुम्हांस कोठे पाठवायचं आहे?"

"कोठे नाही. कडी काढ, पोरी."

"हात लावू नये असं आहे."

"मी सांगतो ना."

"कोणी काही म्हणो, असं म्हणालात तुम्ही. कोणी म्हणजे तुम्हीपण आलात."

तीस वर्षांत रावांना इतका पक्का माणूस पार्सल ऑफिसात भेटला नव्हता. गोदाने कपाटाला एक फेरी घातली. मग डोके नीट पाहिले.

"डोक्यावर काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "आणि आज शनिवार. डोकं तर कोरडं आहे."

ती गेली आणि कोमट तेलाची वाटी घेऊन आली. राव नको, नको म्हणत होते, पण नको म्हणणारे हात कपाटात होते. गोदा तेल चोळू लागली, आणि चोळता चोळता शाळेतल्या भांडणाची गोष्ट सांगू लागली. ती बरीच लांब होती. मध्येच केव्हातरी राव "हूं" म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. त्यांचे डोळे मिटले होते.

गोष्ट संपल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "आता ती अक्षरं पूस, आणि मग कडी काढ." त्या दिवशी ते नागलक्ष्मीबाईंनी दिलेल्या ऊन पाण्याने न्हाले. घंगाळातल्या गार पाण्यात कावळ्याने आंघोळ केली.

पुढच्या आठवड्यात सुतार म्हणाला, कडी काढून देतो. राव म्हणाले, "राहू दे." शनिवारी आठ वाजता ते आत बसले. टक् आवाज झाला.

"कोणी आहे का?" या खेपेस हाक चांगली मोठी होती. "मी अडकलो आहे."

गोदा वाटी घेऊन आली. कडीला एक बारीक सुतळी पार्सलाच्या गाठीने बांधलेली तिने पाहिली. सुतळी फटीतून आत गेली होती. आतून ओढली असती तर कडी सहज निघाली असती. गोदाने आजोबांच्या तोंडाकडे पाहिले. आजोबा कावळ्याकडे पाहत होते.

तिने कडी दाबून नीट बसवली, तेलात बोटे बुडवली आणि म्हणाली, "तर आजोबा, काल आमच्या शाळेत काय जाहलं, ठाऊक आहे?"